गुरुजींचा आवाज गेला ते वर्ष

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. प्रार्थना झाली, आम्ही आपापल्या तरटावर बसलो, गुरुजींनी हजेरीचं पुस्तक उघडलं, पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली.

आम्हाला वाटलं, गंमत करतात. दोन-चार पोरं हसलीसुद्धा. गुरुजी पाणी प्याले, त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, आणि पुन्हा तेच. मग कोणी हसलं नाही.

आमचं गाव तापीच्या काठचं, सारंगखेड्यापासून पायी तासाभरावर. कापूस, केळी आणि वर्षभर पुरेल एवढी दादर ज्वारी, अशी शेती. शाळा एकशिक्षकी होती. मातीच्या धाब्याची एक लांब खोली आणि तिच्यात पहिली ते चौथी असे चार वर्ग चार तरटांवर. पहिलीची पोरं सारखी उठून बाहेर जायची म्हणून ती दाराशी, आणि चौथीच्या पोरांना परीक्षेची भीती म्हणून ती फळ्याशी. मधल्या दोन तरटांवर दुसरी आणि आम्ही. मागच्या बाजूला गुरुजींची एक खोली, तिथे ते आणि मास्तरीणबाई राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक शेळी होती.

असे चार वर्ग एका माणसाने चालवायचे म्हणजे आवाजच लागतो, आणि गुरुजींचा आवाज काही साधासुधा नव्हता. खोलीच्या मधोमध उभे राहून ते एका दमात म्हणायचे, "पहिली, ग गिरवा. दुसरी, सातचा पाढा. तिसरी, मान खाली, कित्ता. चौथी, उत्तर किती आलं?" चारही वर्ग एकदम कामाला लागायचे. दुपारी चारला ते पाढे सांगायला लागले की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका घाई करायच्या. पोरं घरी यायची वेळ झाली, हे त्यांना त्या आवाजावरून कळायचं.

गुरुजी मूळचे आमच्याकडचे नव्हते, घाटावरचे. त्यांचं बोलणं पुस्तकासारखं. आमच्या घरी गुजरी बोलत, गल्लीत अहिराणी, आणि शाळेच्या उंबऱ्याच्या आत आलं की तिसरीच भाषा. तो त्यांचा नियमच होता. उंबऱ्याच्या आत 'शे' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. 'मन्हा' नाही, 'माझा'. जो चुकेल त्याने धडा संपेपर्यंत भिंतीजवळ उभं राहायचं. गुरुजी मारत नसत. त्यांच्याकडची छडी फक्त नकाशावर नद्या दाखवायला होती. पण भिंतीच्या बाबतीत ते सूट देत नसत. म्हणत, "उद्या तुम्ही शहाद्याच्या शाळेत जाल. तिथे तुम्ही तोंड उघडलं आणि कोणी हसलं, तर ते हसणं जन्मभर लक्षात राहतं. त्यापेक्षा आज माझा राग आला तरी चालेल."

मी कधी भिंतीजवळ उभी राहिले नव्हते. माझे वडील शहाद्याला शिकलेले. आमच्याकडे वर्तमानपत्र यायचं, दोन दिवसांनी का होईना, आणि वडील ते ओट्यावर मोठ्याने वाचायचे. त्यामुळे पुस्तकी मराठी माझ्या कानावरून गेलेली होती. माझ्या शेजारी तरटावर जी मुलगी बसायची तिचं तसं नव्हतं. ती माझी मैत्रीण. तिच्या घरी शेती आमच्याएवढीच होती, पण छापलेला कागद म्हणजे गूळ बांधून आलेला तेवढाच. गणितात आमच्या वर्गात तिच्यापुढे कोणी नव्हतं. गुरुजींनी फळ्यावर आकडे मांडता मांडता हिच्या पाटीवर उत्तर तयार असायचं. पण उत्तर कसं आलं ते सांग म्हटलं की ती अहिराणीत सांगायला लागायची आणि भिंतीजवळ जायची. इतक्या वेळा गेली की तिच्या परकराला मागून कायम पांढऱ्या मातीचा पट्टा असायचा.

तर त्या सकाळी गुरुजी हजेरीचं पुस्तक हातात धरून उभे, आणि खोलीत चाळीस पोरं चिडीचूप. मास्तरीणबाई मागून आल्या. त्या कधी वर्गात येत नसत. पदर सावरून फळ्याजवळ उभ्या राहिल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "मुलांनो, तुमच्या गुरुजींचा घसा बसलाय. काल शहाद्याला डॉक्टरांना दाखवून आलो. आत सूज आहे म्हणाले. दोन महिने बोलायचं नाही."

चौथीतला एक मुलगा म्हणाला, "हळूच बोललं तर?"

"हळूच पण नाही. कुजबुजल्याने जास्त ताण येतो म्हणे. आता मी सांगते तर माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगा त्यांना."

गुरुजींनी हात जोडून त्यांना गप्प केलं.

त्याच संध्याकाळी गावातली चार मोठी माणसं शाळेच्या ओट्यावर जमली. वडील गेले म्हणून मीही मागे गेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, मास्तर, रजा घ्या, घरी जाऊन आराम करा. गुरुजींनी पाटी घेतली आणि त्यावर लिहून माझ्या वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी वाचलं:

"मी गेलो तर शाळा बंद राहील. दुसरा माणूस येईपर्यंत उन्हाळा उजाडेल. मुलगे परत येतील. मुली येणार नाहीत."

ते खरं होतं. गुरुजी यायच्या आधी एकदा शिक्षकाची बदली झाली होती आणि पोळ्यापासून होळीपर्यंत शाळेला कुलूप होतं. कुलूप निघालं तेव्हा मुलगे तेवढे आले. मुली तोवर शेतात जायला, धाकटी भावंडं कडेवर घ्यायला शिकल्या होत्या. त्यांतली एकही पुन्हा तरटावर बसली नाही.

"मंग चालू द्या मास्तर," एक म्हातारे म्हणाले, "पण तोंड उघडानं नही. आम्हना सांगणं शे."

दुसऱ्या दिवसापासून शाळा बिनआवाजाची सुरू झाली. गुरुजींनी टेबलावर फुटपट्टी आपटायची. एकदा आपटली की पहिलीने बघायचं, दोनदा की दुसरीने, असं चारपर्यंत. मग ते फळ्यावर लिहायचे. पण पहिली-दुसरीच्या पोरांना ते लिहिलेलं वाचता येईना. तेव्हा गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली, माझ्याकडे बोट केलं आणि फळ्यावर लिहिलं, "तू वाच."

मी उठले. खणखणीत वाचलं. गुरुजींनी मान हलवली आणि मला टेबलाच्या बाजूला उभं केलं. चौथीतल्या पोरांना ते आवडलं नाही. तिसरीतली पोरगी आमच्यावर! पण गुरुजींपुढे कोण बोलणार?

हजेरीसुद्धा मीच घ्यायला लागले. मी नाव घ्यायची आणि पोरं सवयीने "हजर गुरुजी" म्हणायची, माझ्याकडे बघून. पहिल्या दिवशी सगळे हसले, मीही हसले. चार दिवसांनी मला त्यात हसण्यासारखं काही वाटेना. मी घरी भावंडांनाही फुटपट्टीने बोलवायला लागले. आईने ती फुटपट्टी चुलीत घालीन म्हणून सांगितलं.

पहिलीचा वर्ग मास्तरीणबाईंनी घेतला. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. दाराशी सूप घेऊन दादर पाखडत बसायच्या आणि पाखडता पाखडता मूठभर दाणे जमिनीवर टाकून त्यांचा ग करायच्या, म करायच्या. पोरं त्यावरून बोट फिरवायची. सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या दाण्यांची अक्षरं फार छान दिसत. तास संपला की शेळी येऊन बाराखडी खाऊन जायची.

कापूस वेचायचे दिवस आले. या दिवसांत दर वर्षी अर्धी शाळा रानात असायची आणि गुरुजी संध्याकाळी दारोदार फिरून आवाज चढवायचे. त्या वर्षी त्यांना ते करता येईना. ते नुसते जाऊन दारात उभे राहायचे. पोराचा बाप बाहेर यायचा, गुरुजी त्याच्याकडे बघत हात जोडायचे आणि पुढच्या दाराला जायचे. माझी मैत्रीणही आठवडाभर वेचणीला गेली होती. तिची आई नंतर सांगायची, "बोलता तर मी बी बोलती. हाऊ माणूस काहीच बोलना नही, मंग मी काय बोलू?" गुरुजी त्यांच्या दारात उभे राहून गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. बोटं कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली होती.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. दर वर्षी गुरुजी मोठ्या वर्गांना पायी घेऊन जायचे आणि गर्दीत कोणी चुकलं की एक हाक मारायचे, ती तंबूंच्या पलीकडे ऐकू जायची. या वर्षी जाणं होणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण गुरुजींनी माझ्या वडिलांकडून विहिरीचा लांब दोर मागून आणला. दोर धरून आम्ही सगळे एका ओळीत चाललो, पुढे गुरुजी आणि शेवटी मास्तरीणबाई. जत्रेत घोडेवाले आम्हाला बघून हसत होते. एक जण म्हणाला, "मास्तर, हा तांडा कितीला?" गुरुजींनी हसून दोर घट्ट धरला. तिथेच त्यांनी एक पत्र्याची शिट्टी घेतली. परत आल्यावर फुटपट्टीच्या जागी शिट्टी आली आणि वर्गाचा निम्मा शीण गेला.

जत्रेनंतरच्या आठवड्यात ती गोष्ट घडली.

दुसरीची हातच्याची वजाबाकी चालू होती. बेचाळीस वजा सत्तावीस. गुरुजींनी फळ्यावर रीत लिहिली होती आणि मी ती वाचून दाखवत होते: "एककस्थानी दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकस्थानातून एक उसना घेऊन त्याचे दहा एकक करावेत." तीनदा वाचलं. दुसरीची पोरं माझ्याकडे बघत होती, जसं परक्या गावच्या माणसाकडे बघतात तसं. एका मुलीने पाटीवर पंचवीस लिहून खाली दोनदा रेघ ओढली आणि रडायला लागली. गुरुजी दाराशी पहिलीच्या पाट्या तपासत होते, आमच्याकडे पाठ करून.

माझी मैत्रीण आपल्या जागेवरून उठली आणि दुसरीच्या तरटावर जाऊन बसली. त्या मुलीची पाटी मांडीवर घेतली. म्हणाली, "रडू नको वं. हाई दख. दोनमाईन सात जातस का?"

मुलीने मान हलवली. नाही.

"मंग पीठ संपनं तं आपण काय करतस? शेजारना घर जातस. तठे चार शेतस. त्यामाईन एक मांगी लय. त्या घरना एक म्हणजे आपला दहा. आते आपलाजोडे कितला झायात?"

"बारा," ती मुलगी म्हणाली.

"बारामाईन सात काढ."

मी टेबलाजवळ उभी राहून हे ऐकत होते. दुसरीची सगळी पोरं आता तिच्याकडे सरकली होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येईल, आणि ते चांगलं नव्हतं. मी गुरुजींच्या आवाजात म्हणाले, "भाषा! उंबऱ्याच्या आत अहिराणी? उठ. भिंतीजवळ उभी राहा."

तिने मान वर केली. तिला वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघून तिला कळलं. पाटी त्या मुलीच्या हातात देऊन ती उठली आणि भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेने गुरुजी वळले.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ येऊन पाटीवर लिहिलं, "का?"

"अहिराणीत शिकवत होती, गुरुजी. 'उसना घे' नाही, 'मांगी लय' म्हणाली."

ते दुसरीच्या तरटापाशी वाकले. त्या रडणाऱ्या मुलीची पाटी उचलली. तिच्यावर आता पंधरा लिहिलेलं होतं. ती पाटी त्यांनी माझ्यासमोर धरली आणि आपल्या पाटीवर लिहिलं, "गणित बरोबर आहे का?"

"हो, गुरुजी."

त्यांनी ते पुसलं आणि एकच शब्द लिहिला, "मग?"

तो नियम त्यांचाच होता, हे मी म्हणू शकले असते. मला वाटतं, ते त्यांनाही आठवत होतं, कारण ते माझ्यावर रागावले नाहीत. ते भिंतीजवळ गेले, खिशातून खडू काढला आणि माझ्या मैत्रिणीच्या हातात दिला. ती घेईना. मग त्यांनी तिची मूठ उघडून त्यात खडू ठेवला, तिला फळ्यापाशी आणून उभं केलं आणि स्वतः दुसरीच्या तरटावर मांडी घालून बसले, लहान पोरांच्या मध्ये.

ती आधी पुस्तकी बोलायला बघत होती. "दोनातून... सात..." म्हणून थांबली. गुरुजींनी हाताने खूण केली, बोल, तुझं बोल. तिने फळ्याकडे तोंड केलं, आमच्याकडे पाठ, आणि शेजारच्या घरी पीठ मागायला गेली. एकदा, दोनदा, पाच गणितं. पाचव्या गणिताला दुसरीची पोरं तिच्या आधी ओरडत होती, "मांगी लय! मांगी लय!" गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. मी टेबलाजवळ उभी होते आणि वाचण्यासारखं काही नव्हतं. शाळा सुटल्यावर मी कोणासाठी न थांबता घरी आले.

त्या दिवसापासून गणित तिचं आणि वाचन माझं असं झालं. नियम मोडला असं गुरुजींनी कुठे लिहिलं नाही. पण भिंतीजवळ कोणाला उभं केलं नाही, आणि मीही केलं नाही. वर्गात हळूहळू गलबला वाढला. गुरुजींचा आवाज होता तेव्हा आम्ही फक्त उत्तरं द्यायचो. आता आम्ही एकमेकांना विचारायला लागलो. गुरुजी एक लहानशी वही घेऊन फिरायचे आणि काही वेगळं कानावर आलं की पाटीवर लिहून विचारायचे, "आंडेर म्हणजे?" आम्ही सगळे ओरडायचो, "मुलगी!" "कव्हय म्हणजे?" "केव्हा!" पाच वर्षं ते आमच्या गावात होते आणि एवढे साधे शब्द त्यांना माहीत नव्हते, याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा गुरुजींना आपण शिकवतो, याचीच मजा होती. मास्तरीणबाईंना मात्र सगळे शब्द येत होते. त्या नदीवर जात असत ना.

संक्रांतीच्या सुमाराला साहेब तपासणीला आले. गावात त्यांना सगळे डिपोटी म्हणत. सारंगखेड्याहून सायकलवर आले, डोक्यावर टोपी, पायजम्याला क्लिपा लावलेल्या. आम्ही खोली आदल्या दिवशी सारवली होती, दारावर आंब्याचं तोरण लावलं होतं. डॉक्टरांनी गुरुजींना नुकतीच दिवसाला चार-दोन शब्द बोलायची मुभा दिली होती. "नमस्कार, साहेब," ते म्हणाले. तो आवाज ऐकून मीच दचकले. वाळलेलं पान चुरगळावं तसा तो आवाज होता.

साहेबांनी विचारपूस केली. मास्तरीणबाईंनी दारातून सगळं सांगितलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे दोन महिने वर्ग कोण घेतंय?"

गुरुजींनी आमच्याकडे हात केला.

"मुलं? मुलांना शिकवतात? हे कोणत्या नियमात बसतं, गुरुजी? तुम्ही रजेवर जायला हवं होतं. आम्ही माणूस दिला असता."

"केव्हा दिला असता?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, पण त्या थांबल्या नाहीत. "मागच्या वेळी होळीला दिला होता, साहेब."

खडू घेऊन साहेबांनी फळ्यावर त्रेसष्ट वजा अठ्ठावीस मांडलं आणि दुसरीतल्या सगळ्यात बारक्या मुलाला उभं केलं. त्याने छातीवर हात बांधले आणि सुरू झाला, "तीनमाईन आठ जातस नही. मंग शेजारना घर जानं..."

माझ्या मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. तो मुलगा मात्र निवांत. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की साहेबांसमोर असं बोलायचं नसतं. "तठे सहा शेतस. एक मांगी लयना. आते तेरा झायात. तेरामाईन आठ ग्यात, पाच ऱ्हायनात." आणि तो थांबला. पुढचं विसरला.

साहेबांनी फळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मंग शेजारनाकडे कितला ऱ्हायनात रे?"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. साहेब! टोपीवाले साहेब! मग सगळी शाळा एकदम हसली. साहेबांनाही हसू आवरेना. "पाच ऱ्हायनात," मुलगा म्हणाला, "त्यामाईन दोन ग्यात, तीन. पस्तीस!"

साहेब आमच्याच मुलखातले निघाले. तरी शेरा त्यांनी कडकच लिहिला. गुरुजींनी ते शेरेबुक माझ्या हातात दिलं, आणि मी साहेबांसमोरच मोठ्याने वाचलं: "शिक्षकाने वैद्यकीय दाखला त्वरित पाठवावा. मुलांच्या भाषेत सुधारणेस वाव आहे. वजाबाकी उत्तम." साहेब म्हणाले, "वाचन पण उत्तम लिहायला हवं होतं," आणि सायकलवर बसून गेले. सुधारून मात्र लिहिलं नाही.

होळीपर्यंत गुरुजींचा आवाज परत आला, पण तो आधीचा नव्हता. खालचा, घोगरा, दुसऱ्या तरटाच्या पुढे न जाणारा. त्यांना वाटत होतं, अजून बरा होईल. डॉक्टर म्हणाले, एवढाच राहील. त्या दिवशी मास्तरीणबाई दुपारभर वर्गात आल्या नाहीत. गुरुजी आले. त्यांनी शिट्टी वाजवली आणि आम्हाला नकाशावर तापी दाखवली, मुलताईपासून सुरतेपर्यंत, आणि मी ती नावं वाचली.

परीक्षा झाली. तिसरीतले आम्ही सगळे पास झालो. दुसरीत त्या वर्षी गणितात एकही मूल राहिलं नाही, आणि गुरुजींनी निकालाच्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या आईला शाळेत बोलावून ते सांगितलं. हळू आवाजात, त्यामुळे तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. ती घाबरत आली होती. पोरीने काही खोडी केली असेल असं तिला वाटत होतं. नंतर वडील सांगत होते की गुरुजींनी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. चौथी झाली तरी मुलीला घरी बसवायचं नाही, सारंगखेड्याला पाठवायचं. ती बाई म्हणाली होती, "एकली कशी जाई?" आणि गुरुजी म्हणाले होते, "दोघी जातील." दुसरी मी. मला कोणी विचारलं नव्हतं, पण माझी तयारी होती.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजी म्हणजे मुलींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. आम्ही दोघी नदीच्या वाटेवरच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसलो होतो, एकीच्या पायांत एकीचे पाय. जत्रेनंतर कितीतरी महिने मी एक गोष्ट पोटात ठेवून होते. समोरासमोर, पुस्तकी भाषेत ती मला बोलता आली नसती. मी अहिराणीत विचारलं, "तुले राग उना व्हता का?"

"कव्हय?"

"मी तुले भिंतजोडे उभी करं, तव्हय."

झोका एकदा पुढे गेला, एकदा मागे आला.

"उना व्हता," ती म्हणाली. "दुसरा दिन मी तुन्ही पाटी पुसी टाकेल व्हती."

त्या दिवशी माझं दोन्ही बाजूंचं शुद्धलेखन पुसलं गेलं होतं. मी मास्तरीणबाईंच्या शेळीला दोष दिला होता. आठवडाभर तिच्याशी भांडत होते, तिला पाला घातला नव्हता.

"शेळी नव्हती ती?"

"शेळी कशी पाटी पुसई?" ती म्हणाली, आणि इतकी हसायला लागली की झोका वाकडा झाला आणि आम्ही दोघी खाली मातीत पडलो.